भावाचा जामीन : मत्सर आणि परस्परांची जबाबदारी

एका चिंतनशिबिराच्या अखेरीस एक वयोवृद्ध धर्मशिक्षक आम्हांला भेटावयास आले. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी एकाच गावात मुलांना धर्मशिक्षण दिले होते, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थना चालविली होती, धर्मगुरू येऊ शकत नसत त्या रविवारी लोकांना एकत्र जमविले होते. अलीकडे त्यांच्या मदतीस एक तरुण धर्मशिक्षक आला होता. त्याचा गळा गोड, शिकविण्याची हातोटी नवी. मुले त्याच्याभोवती गोळा होऊ लागली आणि आईबापही त्याचेच नाव घेऊ लागले. वृद्ध धर्मशिक्षक म्हणाले, "फादर, हे पाप मी कितीदा तरी प्रायश्चित्त संस्कारात कबूल केले. क्षमा मिळते. पण पुढच्या रविवारी मुलांचा गलका कानी आला, की ते पुन्हा दाराशी उभे असते. मी करावे तरी काय?"

हा प्रश्न त्या एकट्या धर्मशिक्षकांचा नव्हे. नव्या सहायकाचे प्रवचन लोकांना अधिक भावते हे ध्यानी आलेल्या धर्मगुरूंचा तो आहे. आपण अर्धवट सोडून आलेले काम मागाहून आलेल्याने पुरे केले आणि नाव त्याचे झाले, हे ऐकणाऱ्या बदली झालेल्या सेवकाचाही तो आहे. सेवेत घालविलेली वर्षे आपणांस मत्सरापासून वाचवीत नाहीत. उलट ज्या कामावर आपण जीव लावला, तेथेच तो आपणांस गाठतो. त्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांना प्रार्थना करण्यास व नम्रता मागण्यास सांगितले. ते चुकीचे नव्हते, परंतु पुरेसेही नव्हते. त्यानंतर पवित्र शास्त्राकडे पुन्हा वळून पाहता आम्हांस जे उमगले, ते येथे मांडीत आहोत. थोडक्यात ते असे : मत्सर मनातून नुसता हुसकावून लावल्याने जात नाही. ज्याचा हेवा वाटतो त्याचीच जबाबदारी आपण अंगावर घेतो, तेव्हा मत्सराची मुळे सुटू लागतात.

१. मत्सर कशाला म्हणावे?

आपल्या भाषेत या विकारासाठी शब्दांची वाण नाही. हेवा, असूया, ईर्ष्या, मत्सर असे अनेक शब्द आपण वापरतो, आणि षड्रिपूंच्या परंपरागत यादीत मत्सर अखेरीस येतो. पण आपल्या समाजाने या विकाराचे सर्वांत मर्मभेदी वर्णन एका साध्या शब्दात करून ठेविले आहे. तो शब्द म्हणजे 'भाऊबंदकी'. भाऊ आणि बंधू या दोन प्रेमळ नात्यांपासून बनलेला शब्द व्यवहारात मात्र बांधाच्या भांडणासाठी आणि वाटणीच्या दाव्यासाठी वापरला जातो. दूरच्या धनिकाचे वैभव आपणांस क्वचितच टोचते. चुलत्याच्या शेतातील विहिरीला पाणी लागले की झोप उडते.

हेच निरीक्षण संत थॉमस अक्विनास यांनी नोंदविले आहे. 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात (द्वितीय विभाग, प्रश्न ३६) त्यांनी मत्सराला एक प्रकारचे दुःख म्हटले आहे. दुसऱ्याचे जे कल्याण आहे ते आपल्या मोठेपणाला उणेपणा आणणारे आहे असे मानून होणारे ते दुःख होय. म्हणूनच काळ, स्थळ, वय वा कीर्ती यांनी जे आपल्या जवळचे, त्यांचाच हेवा वाटतो, हे त्यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे दाखविले आहे. धर्मगुरूला सेनापतीचा मत्सर वाटत नाही. शेजारच्या धर्मग्रामातील धर्मगुरूचा वाटतो.

त्याच ठिकाणी संत थॉमस एक भेदही करतात, आणि प्रायश्चित्त संस्कारात बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने तो ध्यानी ठेवावा. दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून होणारे प्रत्येक दुःख मत्सर नसते. त्याच्या हाती सत्ता गेल्याने आपणांस वा इतरांस इजा होईल अशी भीती असू शकते. त्याच्यापाशी असलेला सद्गुण आपल्यापाशी नाही याची खंत असू शकते. ती तर स्तुत्य आहे. अपात्र माणसाला लाभ झाला याचा संताप असू शकतो. मत्सर तो, जो दुसऱ्याचे चांगले हे चांगले असल्यामुळेच सोसू शकत नाही.

हा भेद न केल्यास मोठा अन्याय घडतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये ग्रीक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची तक्रार आली आहे. रोजच्या वाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी त्या तक्रारीला मत्सर म्हणून गप्प बसविले नाही. त्यांनी सात जणांची नेमणूक करविली, आणि त्या सातांची नावे पाहिली तर सर्व ग्रीक आहेत. ज्या धर्मग्रामांत मराठी, कोंकणी, कन्नड किंवा हिंदी बोलणारे भाविक एकाच वेदीभोवती जमतात, तेथे मिस्साची वेळ, गायनवृंद, सणाच्या दिवशीचा मान यांवरून कुरबुरी होतात. त्यांतील काही कुरबुरी खरोखर मत्सराच्या असतात, काही न्यायाच्या. पोट भरेल एवढे मानधन मागणाऱ्या धर्मशिक्षकाला हेवेखोर ठरविणे सोपे असते. पण त्याच्या मागणीला उत्तर देणे हे आपले कर्तव्य असते.

शास्त्राच्या मूळ भाषांतील शब्दही या बाबतीत बोलके आहेत. हिब्रू 'किन्आह' आणि ग्रीक 'झेलोस' या दोन्ही शब्दांचा अर्थ प्रसंगानुसार ईर्ष्या असा होतो वा आवेश असा होतो. प्रभूच्या मंदिराविषयीच्या तळमळीसाठी योहान २:१७ येथे जो शब्द आहे, तोच करिंथकरांच्या हेव्यासाठी १ करिंथ ३:३ येथे आहे. एकच अग्नी चुलीतही पेटतो आणि गंजीलाही लागतो. 'फ्थोनोस' या शब्दाला मात्र मत्सराचाच काळा रंग आहे. मुख्य याजकांनी प्रभूला कशामुळे धरून दिले हे पिलाताला कळून चुकले होते, असे मार्क १५:१० सांगते. तेथे हाच शब्द आहे. प्रभूच्या क्रूसाची कारणे मोजताना धर्मसेवकांचा मत्सर हे कारण शुभवर्तमानाने वगळलेले नाही. आपण धर्मसेवक आहोत हे विसरून ते वचन वाचता येत नाही.

२. काइन : राखण नाकारणारा भाऊ

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातील वृत्तान्त सर्वांस ठाऊक आहे. तथापि मूळ शब्दांकडे पाहिले असता काही गोष्टी नव्याने दिसतात.

पहिली गोष्ट अशी, की देवाने हाबेलाच्या अर्पणाकडे का पाहिले आणि काइनाच्या अर्पणाकडे का नाही, याचे सरळ कारण तो अध्याय देत नाही. हाबेलाने कळपातील प्रथम जन्मलेले आणल्याचा उल्लेख आहे. पुढे इब्री लोकांस पत्र ११:४ त्याच्या श्रद्धेकडे बोट दाखविते. परंतु काइनाला त्या क्षणी कारण सांगितले गेले नाही. आपल्याही वाट्याला हेच येते. याला आवाज का मिळाला आणि मला का नाही, त्याच्या हाताला यश का आणि माझ्या का नाही, याचा खुलासा सहसा होत नाही. मत्सराची परीक्षा या न झालेल्या खुलाशातच असते.

दुसरी गोष्ट, देव काइनाशी बोलला. हत्येपूर्वी बोलला. त्याचा चेहरा का उतरला आहे हे त्याने विचारले, आणि पाप दाराशी दबा धरून बसले आहे, त्याच्यावर तुला सत्ता चालवावयाची आहे, असे बजाविले (४:६-७). ज्याचे अर्पण स्वीकारले गेले नव्हते तोही देवाच्या बोलण्याला पात्र होता. काइनाच्या हे ध्यानी आले असते, तर आपण टाकले गेलो आहोत हा त्याचा समज तेथेच मोडला असता. शिवाय मनात विकार येणे आणि त्याला दार उघडणे या दोन गोष्टी देवाच्या बोलण्यात वेगळ्या आहेत. दाराशी बसलेले पाप अजून घरात आलेले नाही.

तिसरी गोष्ट आठव्या वचनातील. काइन आपल्या भावाला म्हणाला, असे हिब्रू पाठात लिहिले आहे, आणि पुढे काय म्हणाला ते लिहिलेच नाही. ग्रीक सप्तती भाषांतराने व शोमरोनी पाठाने शेतात जाण्याचे शब्द तेथे घातले आहेत. हिब्रू पाठात मात्र वाक्य अर्धे राहते आणि लगेच शेतातील हत्या येते. ही उणीव लेखनिकाची असेल. तरी मत्सराचे स्वरूप तिच्यात अचूक उमटले आहे. मत्सरी मनुष्य ज्याचा हेवा करतो त्याच्याशी मोकळे बोलू शकत नाही. बोलणे तुटले की हात उठतो. आणि हात उठला नाही, तर पाठीमागे जीभ उठते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उत्पत्ती २:१५ नुसार देवाने मनुष्याला बागेत ठेविले ते दोन कामांसाठी : तिची मशागत करण्यासाठी व तिची राखण करण्यासाठी. हिब्रूत या क्रिया 'आबाद' आणि 'शामार' आहेत. काइनाची ओळख करून देताना ४:२ येथे त्यांपैकी पहिली क्रिया वापरली आहे. तो जमिनीची मशागत करणारा होता. आणि देवाने भावाचा ठावठिकाणा विचारला, तेव्हा काइनाने उलट प्रश्न केला तो दुसऱ्या क्रियेवरून : भावाचा राखणदार, 'शोमेर', होणे हे का माझे काम आहे? मनुष्याला दिलेल्या दोन कामांपैकी त्याने एक ठेविले आणि दुसरे टाकून दिले. कष्टाळू असूनही मनुष्य काइन होऊ शकतो. आपल्यापैकी अनेकांची मशागत चोख असते. नोंदवह्या नीट, शाळा नीट, इमारत नीट. राखणीचा प्रश्न आला की आपण खांदे उडवितो.

या वृत्तान्तात, पहिल्या सोळा वचनांत, 'भाऊ' हा शब्द सात वेळा येतो. जणू पवित्र लेखक एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा बोट ठेवीत आहे. आणि अखेरीस, ज्याने राखण नाकारली त्या काइनावर देव खूण करतो ती त्याला कोणी मारू नये म्हणून (४:१५). काइनाचा राखणदार देव स्वतः होतो.

३. यहूदा : जामीन राहिलेला भाऊ

काइनाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या अध्यायात शब्दांनी दिलेले नाही. ते त्याच पुस्तकाच्या अखेरीस एका मनुष्याच्या जीवनातून दिले आहे, आणि तो मनुष्य योसेफ नव्हे, यहूदा होय. योसेफाच्या कथेवर आपण पुष्कळ प्रवचने करतो; यहूदाकडे आपले लक्ष क्वचित जाते.

सदतिसाव्या अध्यायात काइनाचे घर पुन्हा उभे राहते. पिता एका मुलावर अधिक प्रेम करतो, त्याला निराळा झगा करून देतो. योसेफ भावांच्या कागाळ्या बापाकडे नेतो. भावांना त्याच्याशी सलोख्याने बोलवेना, असे ३७:४ म्हणते. येथेही प्रथम बोलणेच तुटते. अकराव्या वचनात त्यांच्या हेव्यासाठी 'किन्आह' याच धातूतील क्रिया आहे. पुढे योसेफाला खड्ड्यात टाकल्यावर यहूदा पुढे येतो आणि मारण्यात काय लाभ, त्याला विकू या, असे सुचवितो (३७:२६-२७). वीस रौप्यमुद्रांना सौदा होतो. रक्तात बुडविलेला झगा बापापुढे टाकताना ते भाऊ 'आमच्या भावाचा' म्हणत नाहीत. हा तुझ्या मुलाचा आहे की काय ते पाहा, असे म्हणतात (३७:३२). उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील थोरला भाऊही असेच बोलतो (लूक १५:३०). मत्सराने प्रथम नाते तुटते ते अशा एखाद्या सर्वनामात.

अडतिसावा अध्याय योसेफाची कथा मध्येच थांबवून यहूदाच्या घराची कहाणी सांगतो. त्याचे दोन मुलगे मरतात. तिसरा जाईल या भीतीने तो सून तामार हिला दिलेला शब्द पाळीत नाही. बापाने मूल गमावणे म्हणजे काय, हे ज्याने आपल्या बापाला त्या दुःखात लोटले त्यालाच कळते. पुढे तामारेपाशी गहाण ठेविलेली मुद्रा, गोफ व काठी त्याच्यासमोर येतात, आणि ती आपल्याहून अधिक नीतिमान आहे हे तो सर्वांदेखत कबूल करतो (३८:२६). स्वतःला दोषी आणि दुसऱ्याला वरचढ म्हणण्याचे धैर्य त्याच्या अंगी येथे प्रथम दिसते. गहाणासाठी येथे हिब्रू शब्द आहे 'एराबोन'.

दुष्काळात मिसरास पुन्हा जाण्याची वेळ येते, आणि बन्यामीनाला नेल्याशिवाय धान्य मिळणार नसते. थोरला रऊबेन म्हणतो, मी त्याला परत आणला नाही तर माझे दोन मुलगे मारून टाक (४२:३७). याकोब ते ऐकत नाही. नातवांच्या मृत्यूने कोणत्या आजोबाचे समाधान होईल? मग यहूदा म्हणतो, की मी स्वतः त्याला जामीन राहतो, त्याचा हिशेब माझ्या हातून घ्यावा (४३:९). या क्रियेचा धातू 'आराब', म्हणजे 'एराबोन' ज्यापासून झाला तोच. पूर्वी यहूदाने वस्तू गहाण ठेविल्या होत्या. आता तो स्वतःला ठेवतो.

जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांस समजावून सांगण्याची गरज नाही. सोसायटीच्या वा पतपेढीच्या कर्जाच्या कागदावर दुसऱ्यासाठी सही करणाऱ्याला ठाऊक असते, की तो बुडाला तर नोटीस आपल्या घरी येणार. नीतिसूत्रांचे पुस्तक तर अशा जामिनकीपासून सावध राहण्यास वारंवार सांगते (६:१, ११:१५, १७:१८). यहूदाच्या शब्दाचे वजन त्यावरून कळावे. त्याने सदिच्छा व्यक्त केली नाही. भावाच्या नुकसानीत आपला वाटा लिहून दिला.

मग कसोटी येते. योसेफ जेवणात बन्यामीनाला इतरांच्या पाचपट वाढतो (४३:३४), आणि नंतर त्याच्याच गोणीत प्याला सापडतो. पूर्वीचेच जुळून आले आहे : राहेलीचा मुलगा, बापाचा लाडका, आणि त्याला परदेशात दास म्हणून सोडून जाण्याची आयती संधी. या वेळी तर हात स्वच्छ ठेवून सुटता आले असते. यहूदा पुढे होतो आणि मोठे भाषण करतो (४४:१८-३४). त्यात तो बापाचे एक वाक्य जसे ऐकले तसे सांगतो, की माझ्या बायकोला दोन मुलगे झाले (४४:२७). ती बायको म्हणजे राहेल. यहूदा लेआचा मुलगा. आपली आई बापाच्या बोलण्यात मोजलीच गेली नाही, हे वाक्य तो स्वतःच्या तोंडाने उच्चारतो. त्यात कडवटपणा नाही. बापाचा जीव त्या मुलाच्या जिवात गुंतला आहे, म्हणून त्याच्याऐवजी मला दास करून ठेवा, असे तो म्हणतो.

या प्रसंगाचा बोध आम्हांस असा वाटतो. मत्सराचे कारण नाहीसे झाले नव्हते. याकोबाचा पक्षपात अखेरपर्यंत तसाच राहिला. झग्याच्या जागी पाचपट जेवण आले. बदलला तो यहूदा. ज्या पक्षपाताने एकदा तो भावाचा सौदागर झाला, त्याच पक्षपातात तो भावाचा जामीन झाला. परिस्थिती न्याय्य झाली म्हणजे माझा मत्सर आपोआप जाईल, असे मानून थांबणाऱ्याला फार थांबावे लागेल.

यहूदाचे बोलणे संपताच योसेफाला रडू आवरेनासे झाले (४५:१). आणि पंधराव्या वचनाच्या शेवटी एक लहानसा उल्लेख आहे : त्यानंतर त्याचे भाऊ त्याच्याशी बोलू लागले. सदतिसाव्या अध्यायात तुटलेले बोलणे येथे पुन्हा जुळते. योसेफानेही पुढे भावांचा व त्यांच्या मुलाबाळांचा सांभाळ पत्करला (५०:२१). ज्याचा हेवा झाला त्याच्यावरही राखणीचे काम असते, हे यशस्वी सेवकांनी विसरू नये.

४. ख्रिस्तसभेतील अनुभव

इ. स. ९६ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्तसभेने करिंथच्या ख्रिस्तसभेला एक पत्र पाठविले. ते संत क्लेमेंट यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. करिंथमध्ये काही निर्दोष वडिलांना त्यांच्या सेवेतून दूर केले गेले होते. या तंट्याचे मूळ क्लेमेंट मत्सरात शोधतात. ते काइनापासून आरंभ करून योसेफ, मोशे, दावीद यांची उदाहरणे देतात आणि मग आपल्याच पिढीकडे येऊन पेत्र व पौल या प्रेषितांनी मत्सरामुळे मरणापर्यंत दुःख सोसले असे सांगतात (अध्याय ४ ते ६). प्रेषितांचा छळ करणाऱ्या साम्राज्याचा उल्लेख करण्याऐवजी क्लेमेंट मत्सराकडे बोट दाखवितात, हे विचार करण्याजोगे आहे. त्यांचा उपायही धीट आहे : ज्याच्यामुळे फूट पडली असेल त्या उदार मनाच्या मनुष्याने कळपाच्या शांतीसाठी स्वतः बाजूला होण्याची तयारी दाखवावी (अध्याय ५४).

कधी मत्सर सेवकाच्या मनात नसतो. त्याच्या भोवतालचे लोक तो पेटवितात. एल्दाद व मेदाद छावणीत संदेश देऊ लागले, तेव्हा मोशेच्या वतीने यहोशवाला वाईट वाटले. मोशेला वाटले नाही (गणना ११:२६-२९). लोक येशूकडे जात आहेत ही बातमी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिष्यांनीच त्याच्या कानी घातली (योहान ३:२६). "फादर, तुमच्या वेळी असे नव्हते," असे म्हणणारे भाविक प्रेमाने बोलत असतील. त्या वाक्यात अडकणे वा न अडकणे मात्र आपल्या हाती आहे.

संत ऑगस्टीन यांनी योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत (प्रवचन ३२) एक विचार मांडला आहे. ख्रिस्ताच्या शरीरातील ऐक्यावर ज्याचे प्रेम आहे, त्याच्यासाठी त्या शरीरातील कोणाचेही दान परके राहत नाही. मत्सर काढून टाकला तर भावाजवळचे जे आहे ते माझेही आहे. डोळा पाहतो तो केवळ स्वतःसाठी नव्हे, हाता-पायांसाठीही. हा युक्तिवाद १ करिंथ १२ चाच विस्तार आहे. संत जॉन क्रिसोस्टोम यांनी रोम १२:१५ वर बोलताना म्हटले आहे, की रडणाऱ्याबरोबर रडण्यापेक्षा आनंद करणाऱ्याबरोबर आनंद करणे कठीण आहे. कारण दुःखी माणसासाठी कठोर मनालाही पाझर फुटतो, पण दुसऱ्याच्या भरभराटीत आनंदी होण्यास मत्सरातून सुटका लागते.

५. प्रभू येशू : अधिक चांगल्या कराराचा जामीन

आतापर्यंतचे विवेचन नीतिबोधावर थांबले, तर ते वृद्ध धर्मशिक्षकांच्या खांद्यावर आणखी एक ओझे होईल. यहूदासारखे व्हा, असे सांगणे सोपे आहे. इब्री लोकांस पत्राचा सातवा अध्याय आपणांस पुढे नेतो. आपला प्रभू यहूदाच्या वंशातून उदय पावला, असे तेथे चौदाव्या वचनात म्हटले आहे, आणि बाविसाव्या वचनात येशू अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला आहे, असे सांगितले आहे. 'एंग्युओस' हा तेथील शब्द नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी येतो. पत्राच्या लेखकाला उत्पत्तीतील यहूदाचे भाषण अभिप्रेत होते असा दावा आम्ही करीत नाही. परंतु संपूर्ण शास्त्र एकत्र वाचणाऱ्या ख्रिस्तसभेला ही संगती दिसल्याशिवाय राहत नाही. भावाच्या जागी मला ठेवा, असे यहूदा म्हणाला, पण त्याला दास व्हावे लागले नाही. प्रभूला मात्र दासाचे रूप खरोखर धारण करावे लागले.

म्हणून धर्मसेवकाचे उत्तरदायित्व हे आधी स्वतःसाठी मिळालेल्या जामिनकीतून जन्मते. माझ्या नावावरचे देणे दुसऱ्याने फेडले आहे. ज्याचा हिशेब असा मिटला, त्याला भावाशी बरोबरी करून स्वतःची किंमत सिद्ध करण्याची गरज उरत नाही. पौलाने अनेसिमाविषयी फिलेमोनाला लिहिताना, त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे स्वहस्ते लिहून दिले (फिलेमोन १८-१९). ज्या कृपेवर तो जगत होता तिचीच ती लहान प्रत होती.

६. आचरणासाठी

पहिले, कबुलीविषयी. 'मी मत्सर केला' एवढे म्हणून थांबू नये. त्या मत्सराने मी काय केले वा काय टाळले, हे पाहावे. थोर संत ग्रेगरी यांनी मत्सरापासून जन्मणाऱ्या पापांत द्वेष, कुजबुज, निंदा, शेजाऱ्याच्या विपत्तीत हर्ष व त्याच्या उत्कर्षात खेद यांची गणना केली आहे. मनात नुसता उमटलेला आणि झिडकारलेला विकार हे पाप नव्हे, हे भाविकांस स्पष्ट सांगावे.

दुसरे, प्रार्थनेविषयी. 'माझा मत्सर काढून टाक' या प्रार्थनेत लक्ष अजून माझ्यावरच असते. ज्याचा हेवा वाटतो त्याचे नाव घेऊन, त्याच्याच कामाला यश यावे म्हणून, रोज मागावे. आरंभी ही प्रार्थना घशात अडकेल. तरी ती करावी.

तिसरे, जिभेविषयी. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३५ ते १९३७ या काळात फिंकेनवाल्ड येथे भावी धर्मसेवकांचे विद्यालय चालविले. तेथे एक नियम होता : सोबतच्या बंधूविषयी त्याच्या गैरहजेरीत बोलावयाचे नाही; आणि तसे घडलेच, तर आपण काय बोललो ते त्याला जाऊन सांगावयाचे. नियम पुन्हा पुन्हा मोडला जाई आणि पुन्हा सुरू होई. आपल्या सेमिनरीत, धर्मगुरुनिवासात व धर्मशिक्षकांच्या बैठकांत एक महिना जरी हा नियम पाळून पाहिला, तरी आपण किती बोलत होतो ते कळेल.

चौथे, प्रत्यक्ष कामाविषयी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या धर्मगुरूंच्या सेवेविषयीच्या आदेशात (कलम ८) वयोवृद्ध धर्मगुरूंनी तरुणांना बंधू म्हणून स्वीकारावे, त्यांच्या पहिल्या कामांत व ओझ्यांत हात द्यावा, त्यांची दृष्टी निराळी असली तरी ती समजून घ्यावी, असे सांगितले आहे. तरुणांनीही वडीलधाऱ्यांच्या वयाचा व अनुभवाचा मान राखावा, असे म्हटले आहे. बदलीच्या वेळी नुसत्या किल्ल्या हाती देणे ही राखण नव्हे. कोणत्या घरी आजारी आहे, कोणत्या दोन कुटुंबांत अबोला आहे, हे मागाहून येणाऱ्याच्या कानी घालणे, आणि तो चुकला तर पहिला दगड न उचलणे, ही राखण.

पाचवे, एक इशारा. राखण करणे आणि पाळत ठेवणे यांत अंतर आहे. जबाबदारीच्या नावाखाली भावावर हुकमत गाजविणारा मनुष्य मत्सरानेच नवे वस्त्र घातलेला असू शकतो. गलती ६:२ एकमेकांची ओझी वाहण्यास सांगते आणि ६:५ प्रत्येकाने आपला भार वाहावा असे म्हणते. मुळात शब्द दोन आहेत : 'बारोस' म्हणजे चिरडणारे ओझे, 'फोर्तिओन' म्हणजे ज्याचे त्याने न्यावयाचे गाठोडे. पहिल्याला खांदा द्यावा, दुसऱ्याला हात लावू नये. वरिष्ठांनीही याकोबाची चूक ध्यानी ठेवावी. झगा कोणाला द्यावयाचा हे ठरविताना ज्यांना मिळणार नाही त्यांच्याशी बोलावे.

त्या वृद्ध धर्मशिक्षकांची व आमची पुन्हा भेट झाली, तेव्हा आम्ही त्यांना एवढेच सुचविले, की आजाऱ्यांच्या ज्या घरांची वाट तुम्हांलाच ठाऊक आहे, तेथे त्या तरुणाला बरोबर न्या, आणि त्याच्या पहिल्या चुकीची बाजू गावापुढे तुम्ही सांभाळा. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, नेईन. त्याला गाणे येते. पण मरणाऱ्याजवळ कसे बसावे ते अजून येत नाही."

त्या वाक्यात थोडा जुना अभिमान होता, आणि त्या मुलाची काळजीही होती. दाराशी बसलेले ते पाप त्या दिवशी नाहीसे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. पण वाचक बंधू-भगिनींनो, आपणांपैकी प्रत्येकाच्या मनात हे वाचताना कोणा एकाचे नाव आले असेल. त्या नावासाठी आज वेदीपाशी प्रार्थना करावी, आणि या आठवड्यात त्या बंधूचे एक ओझे, त्याला विचारून, आपल्या खांद्यावर घ्यावे.